होम लोन लवकर फेडताय? पैसे भरायच्या आधीपासून बोजा उतरेपर्यंत, एकेक पायरी

भांडुपच्या आमच्या सोसायटीत मी सात वर्षं सेक्रेटरी होतो. त्या सात वर्षांत एकच सीन इतक्या वेळा बघितला की शेवटी शेवटी हसू पण यायचं बंद झालं. फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक टोकन घेऊन तयार आहे, आणि मेंबर रात्री साडेनऊला ऑफिसात येऊन म्हणतोय, "लोन तर मी कधीच फेडलं हो, मग रजिस्टरला बँकेचं नाव अजून कसं?" अहो तुम्ही पैसे भरलेत, पण बोजा, म्हणजे फ्लॅटवरची बँकेच्या हक्काची नोंद, कुठे उतरवलात? बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) कपाटात, कागद अर्धे बँकेत, आणि आता सगळी धावपळ.

तर हे त्यासाठी लिहितोय. यात चुका कमी आणि क्रम चुकणंच जास्त असतं, म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, मधली गाळून पुढे जाऊ नका.

१. आधी फाइल काढा, चार गोष्टी बघा

सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र), ताजं लोन स्टेटमेंट आणि रिपेमेंट शेड्यूल (हप्त्यांचं वेळापत्रक) टेबलावर घ्या. बघायचं काय, तर मुद्दल किती बाकी आहे, रेट आज किती आहे आणि कशाला जोडलाय, फ्लोटिंग (बदलता) की फिक्स्ड (ठरलेला), आणि लोनवर नावं कुणाकुणाची आहेत.

रेटचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे लोक झोपलेले असतात. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेलं असतं, बहुतेकांचं रेपो रेटला, म्हणजे रिझर्व बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून उतरत उतरत ५.२५ वर आला, म्हणजे तुमचा रेट पण सव्वा टक्क्याच्या आसपास उतरलेला दिसायला हवा. नसेल उतरला तर बहुतेक तुमचं लोन अजून जुन्या एमसीएलआर नाहीतर बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर) पडून आहे, किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे जिथे त्यांचा स्वतःचा रेट चालतो. मग आधी ब्रँचला जाऊन कन्व्हर्जन फी (रेट बदलून घ्यायची फी) भरून रेट खाली आणा. पाच-सहा हजार वाचवायला हे टाळून लोक पाच लाख प्रीपेमेंट करायला (वेळेआधी भरायला) धावतात, आणि उरलेल्या तीस लाखांवर जास्तीचं व्याज भरतच बसतात.

फ्लोटिंग रेटचं, एकट्याच्या किंवा घरातल्यांच्या नावावर असलेलं होम लोन असेल तर वेळेआधी फेडायला दंड नाही, रिझर्व बँकेचा नियमच आहे तसा. फिक्स्ड असेल तर चार्ज लागू शकतो, वर जीएसटी. पहिली दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि मग फ्लोटिंग असा प्रकार असेल तर आज तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात ते बघा, दोन महिने थांबून दंड वाचत असेल तर थांबा.

चेक: चारही उत्तरं कागदावर लिहिलीत? "बहुतेक फ्लोटिंगच आहे" हे उत्तर नाही.

२. कुठला पैसा लावायचा, कुठल्याला हात लावायचा नाही

क्रेडिट कार्डाचं किंवा पर्सनल लोनचं काही थकलं असेल तर आधी ते संपवा, कार्डाचं व्याज वर्षाला छत्तीस-बेचाळीस टक्क्यांपर्यंत जातं, त्याच्यापुढे होम लोन म्हणजे घरातलं माणूस. सहा महिन्यांचा घरखर्च अधिक सहा ईएमआय एवढे बाजूला ठेवा. प्रीपेमेंट केलेला पैसा परत मागता येत नाही, हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं असताना "माझं लोन किती कमी झालंय बघा" असं सांगून काही उपयोग नसतो.

एफडी मोडून लोन भरणं बहुतेकांना परवडतं. सात टक्क्यांची एफडी तीस टक्के स्लॅबवाल्याच्या हातात टॅक्स जाऊन पाचच्या पण आतच पडते, आणि इकडे आपण साडेआठ भरतोय. पीएफचं मात्र तसं नाही. ईपीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं आणि साधारण नोकरदाराला ते टॅक्स-फ्री पडतं, तो काढून होम लोनमध्ये ओतणं म्हणजे उजव्या खिशातून काढून डाव्यात टाकायचे. तरी लोक करतात, कारण "डोक्यावर कर्ज नको". भावना कळते, पण हिशोब तो नाही.

टॅक्सचं एवढंच की जुन्या कर प्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि मुद्दल दीड लाखाच्या नेहमीच्या मर्यादेत धरतात. नव्या प्रणालीत राहत्या घराला यातलं काही नाही. तेव्हा "टॅक्स वाचतो म्हणून लोन ठेवलंय" म्हणणाऱ्याने आधी आपण कुठल्या प्रणालीत रिटर्न भरतो ते सीएला विचारावं.

३. थोडे थोडे भरताय: ईएमआय नको, मुदत कमी करून घ्या

सगळ्यात महागडी चूक इथे होते, म्हणून आकडे देतो.

५० लाखांचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं. ईएमआय बसतो ४३,३९१. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ व्याजात जातात, मुद्दलाला मिळतात जेमतेम आठ हजार. पाच वर्षं इमानदारीत हप्ते भरले तरी बाकी असते सुमारे ४४.०६ लाख. आता तुमच्याकडे बोनसचे पाच लाख आलेत आणि तुम्ही ते भरले.

ईएमआय तोच ठेवून मुदत कमी करायला सांगितलं तर उरलेले १८० हप्ते साधारण १४४ वर येतात, तीन वर्षं गेली, आणि व्याज वाचतं अंदाजे साडेदहा लाखांच्या वर. मुदत तीच ठेवून ईएमआय कमी केला तर हप्ता ३८,४६८ होतो, महिन्याला पाचेक हजार हातात राहतात, बरं वाटतं, पण पंधरा वर्षांत व्याज वाचतं पावणेचार लाखांच्या थोडं वर. पाच लाख तेच, भरायचा दिवस तोच, फॉर्मवर टिक कुठे केली एवढाच फरक.

आता कुणी म्हणेल ते पाच हजार मी दर महिन्याला एसआयपीत टाकीन. टाकाल तर उत्तम. पण आमच्याकडे तरी ते पाच हजार गणपतीत आणि दिवाळीत विरघळतात. नोकरीचं काही खरं नसेल, एकाच्याच पगारावर घर असेल, तर मात्र ईएमआय कमी करून घेणं शहाणपणाचं आहे, तिथे मी मुदतीचा हट्ट धरणार नाही.

करायचं कसं? ॲपवरून किंवा ब्रँचमधून "पार्ट प्रीपेमेंट" असाच पर्याय निवडा, आणि "मुदत कमी करा, ईएमआय तोच ठेवा" हे लेखी द्या, मेल तरी करा. काहीच न सांगता लोन अकाउंटमध्ये नुसते पैसे ट्रान्सफर करू नका. काही ठिकाणी ते ॲडव्हान्स ईएमआय म्हणून पडून राहतात, मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही आणि तुम्ही खुश की प्रीपेमेंट झालं.

कधी भरायचं, तर हातात आले की लगेच. बहुतेक बँका रोजच्या बाकीवर व्याज काढतात, त्यामुळे मार्च एंडची वाट बघण्यात काही अर्थ नाही.

चेक: आठ दिवसांनी नवीन रिपेमेंट शेड्यूल मागवा. शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलीय का? नसेल तर त्याच दिवशी मेल टाका.

आणि हो, रेट वाढले की बँका गुपचूप मुदत लांबवतात. रिझर्व बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सर्क्युलरप्रमाणे रेट रीसेट होताना ईएमआय वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायचा हक्क तुमचा आहे. म्हणून स्टेटमेंट वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

४. पूर्ण बंद करायचंय: आधी अर्ज, मग पैसे

ब्रँचला फोरक्लोजरचा अर्ज द्या आणि दोन गोष्टी मागा. एक फोरक्लोजर लेटर, त्यात बाकी मुद्दल, आजपर्यंतचं व्याज, दर दिवसाचं व्याज, आणि हा आकडा कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. दुसरी लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स, बँकेत सगळे एलओडी म्हणतात, म्हणजे तुमचे कुठले मूळ कागद बँकेकडे आहेत त्याची यादी.

एलओडी पैसे भरायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. कारण लोन देताना घेतलेली पोच तुमच्याकडे असेल तर ती आणि ही यादी शेजारी ठेवून ताडता येते, एखादा कागद यादीतच नसेल तर शोधाशोध आत्ताच सुरू होते. नवीन बिल्डिंगवाल्यांनी खास लक्ष द्या: लोन घेतलं तेव्हा सोसायटी झालेलीच नव्हती, शेअर सर्टिफिकेट नंतर आलं, ते बँकेला नेऊन दिलं आणि त्याची पोच हरवली, ही आमच्या बिल्डिंगमधली निम्म्या लोकांची कथा आहे.

बंद करायची तारीख ईएमआयच्या तारखेपासून लांब धरा. ईएमआय पाच तारखेला असेल तर दहा ते वीसच्या मधे. हे मी अनुभवाने सांगतोय. मी चार तारखेला संध्याकाळी पूर्ण रक्कम भरली, मनात म्हटलं संपलं, आणि पाचला सकाळी पावणेआठला मोबाइल वाजला: ईएमआय पण कापला गेला. नॅचची, म्हणजे खात्यातून ईएमआय आपोआप कापायच्या परवानगीची, फाइल आधीच गेलेली होती. ते जास्तीचे पैसे परत यायला तीन आठवडे, आणि तोपर्यंत अकाउंट बंद करता येत नाही म्हणे. बँकेचं नाव घेत नाही, कुठेही होऊ शकतं.

धोका: हे टाळायला म्हणून नॅच आधी रद्द करू नका. पैसे भरायला दोन दिवस उशीर झाला तर ईएमआय बाउन्स होतो, दंड लागतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, डाग पडतो. लोन बंद झाल्याचं लेटर हातात आल्यावरच नॅच रद्द.

५. पैसे भरायचा दिवस

आरटीजीएस किंवा एनईएफटी करा, स्वतःच्या किंवा को-बॉरोअरच्या (लोनवर सोबत नाव असलेल्याच्या) खात्यातून. सासऱ्यांच्या खात्यातून, मित्राच्या खात्यातून थेट पाठवू नका, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्याचा पैसा घेत नाहीत, आधी आपल्या खात्यात घ्या. खातं नंबर फोरक्लोजर लेटरवरचाच, व्हॉट्सॲपवर आलेला नाही.

चेक देत असाल तर तो क्लिअर होईपर्यंतचं व्याज धरा. समजा १२ लाख बाकी आहेत आणि रेट ८.५, तर दिवसाला २७९ रुपये पडतात. चेक दोन दिवसांनी क्लिअर झाला तर साडेपाचशे रुपये कमी पडले, आणि तेवढ्यासाठी लोन उघडंच राहतं. मग त्यावर व्याज, कधी लेट चार्ज, आणि सिबिलवर थकबाकी. साडेपाचशेसाठी. दोन-तीन दिवसांचं व्याज जास्त भरलेलं बरं, उरलेलं परत मागता येतं.

चेक: दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट काढा. बाकी शून्य दिसली पाहिजे, "थोडेसे" नाही. मग लोन क्लोजर लेटर आणि एनओसी मागा. दोन्हीवर लोन नंबर, सगळ्या बॉरोअरची नावं, फ्लॅट नंबर आणि पत्ता बरोबर आहे का तिथेच वाचा. आमच्याकडे एकांच्या एनओसीवर बी विंगच्या जागी डी विंग छापून आलं होतं, ते दुरुस्त व्हायला पुन्हा अर्ज.

६. कागद परत घेताना: घाई नाही, आणि मोजल्याशिवाय सही नाही

रिझर्व बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या सर्क्युलरप्रमाणे पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाची नोंद काढायची. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले तर सर्टिफाइड कॉपी काढायला मदत करायची आणि खर्च बँकेचा, त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. पत्रात या नियमाचा उल्लेख करा, उत्तराचा सूर बदलतो.

सगळ्या बॉरोअरना बहुतेक ठिकाणी स्वतः जावं लागतं, ओरिजिनल आयडी घेऊन. एखादा परदेशात असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी कशी लागेल ते आधीच विचारून ठेवा. बॉरोअर वारलेले असतील तर वारसांना कागद कसे देतात त्याची पद्धत बँकेने वेबसाइटवर टाकलेली असते.

आता काउंटरवर. आम्ही दोघं गेलो, बायकोने हाफ डे घेतलेला. पिवळट पडलेल्या सेलोटेपचं मोठं खाकी पाकीट समोर आलं, आणि पाकीट उघडायच्या आधी रजिस्टर पुढे सरकवलं, "इथे सही करा सर, सगळे कागद मिळाले." मी म्हटलं आधी बघतो. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, बघू देत.

रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या प्रत्येक पानावर सब-रजिस्ट्रार ऑफिसचा शिक्का असतो, आमच्याकडे कुर्ल्याचा म्हणून "करल", खाली दस्त नंबर, आणि मग पान नंबर आणि एकूण पानं. ते आकडे ओळीने बघत जायचं. चाळीस नंतर एकदम त्रेचाळीस आलं. मधली दोन पानं, फ्लोअर प्लॅनची, गायब. स्कॅनिंगला काढलेली ती परत लावलीच नव्हती, तासाभराने दुसऱ्या फोल्डरमध्ये सापडली. सही करून घरी आलो असतो तर बँक म्हणाली असती, तुम्ही तर सगळं मिळालं लिहून दिलंय.

यादीत काय काय असायला हवं: तुमचं ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स २ (दस्त नोंदणीचा उतारा), स्टॅम्प ड्युटीचा पुरावा, रिसेलचा फ्लॅट असेल तर आधीच्या मालकांची सगळी ॲग्रीमेंट, बिल्डरचं पझेशन लेटर आणि पैशाच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची आणि बिल्डरची एनओसी. सिक्युरिटी म्हणून दिलेले कोरे चेक पण. चेक मिळत नसतील तर नंबर लिहून आपल्या बँकेत स्टॉप पेमेंट टाका.

धोका: एक जरी कागद कमी असेल तर पोचेवर "अमुक कागद मिळाला नाही" असं हाताने लिहा, मगच सही, आणि त्याचा फोटो काढा.

७. बोजा उतरवणं: सोसायटी, रजिस्ट्रार, सेरसाई

लोक हीच पायरी विसरतात, आणि ही सगळ्यात स्वस्त आहे.

सोसायटी: लोन घेताना सोसायटीने एनओसी दिली आणि रजिस्टरमध्ये बँकेचा बोजा नोंदवला. तो आपोआप उतरत नाही, बँक सोसायटीला कळवेल या भरवशावर राहू नका. साधा अर्ज, सोबत बँकेच्या एनओसीची झेरॉक्स, ओरिजिनल दाखवायला. तुमच्या कॉपीवर सोसायटीचा शिक्का, तारीख, पोच घ्या. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये नोंद होईल, तिची कॉपी मागा. म्हाडाचा किंवा सिडकोचा फ्लॅट असेल आणि लोनच्या वेळी त्यांची परवानगी घेतली असेल तर तिथेही एनओसीची कॉपी द्या.

रजिस्ट्रार: मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या हल्लीच्या लोनची नोटीस ऑफ इंटिमेशन (फ्लॅट तारण असल्याची सूचना) सब-रजिस्ट्रारकडे फाइल झालेली असते, उद्या खरेदीदाराच्या वकिलाने जुन्या नोंदींचा सर्च काढला की ती दिसते. त्याला उत्तर म्हणजे तुमची ओरिजिनल एनओसी, म्हणून ती लॅमिनेट करू नका, हरवू नका. रजिस्टर्ड मॉर्टगेज डीड (गहाणखत) केलेलं असेल तर मात्र बँकेकडून रिलीज किंवा रीकन्व्हेयन्स डीड (तारण सोडल्याचा दस्त) करून ते रजिस्टर करावं लागतं. कुठलं केलंय ते सँक्शनच्या कागदांत बघा, नाहीतर वकिलाला दाखवा. गावाकडच्या जागेवर लोन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा तलाठ्याकडे अर्ज करून कमी करून घ्या.

सेरसाई: देशभरातल्या तारणांची नोंद असलेलं हे केंद्रीय रजिस्टर. इथली नोंद बँकेने काढायची असते. महिनाभराने पोर्टलवर थोडी फी भरून स्वतः सर्च करा, बोजा अजून दिसत असेल तर बँकेला स्क्रीनशॉटसकट मेल.

८. उरलेली टोकं

नॅच रद्द झाल्याचं नेटबँकिंगमध्ये बघा. लोनसोबत विमा घेतला असेल तर पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली असते, ती परत स्वतःच्या नावे करून घ्या, नॉमिनी बघा. एकरकमी प्रीमियम भरलेला असेल तर अटींप्रमाणे उरलेल्या मुदतीचे काही पैसे परत मिळू शकतात, पण वय झालं असेल आणि दुसरा विमा नसेल तर कव्हर चालू ठेवण्याचा विचार करा.

क्रेडिट रिपोर्ट दीड-दोन महिन्यांनी काढा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. होम लोनपुढे "क्लोज्ड" आणि बाकी शून्य पाहिजे. "सेटल्ड" लिहिलं असेल तर लगेच तक्रार करा, सेटल्ड म्हणजे बँकेने काही सोडून दिलं असा अर्थ होतो. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

बँक दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार बँकेकडे, तिचा नंबर घ्या, ३० दिवस थांबा, मग रिझर्व बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रारींच्या पोर्टलवर. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. सोसायटीच नोंद करत नसेल तर आधी कमिटीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, आणि तरी हलले नाहीत तर तुमच्या वॉर्डाच्या, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. पण खरं सांगू का, सेक्रेटरीला रविवारी सकाळी चहाला बोलावून झेरॉक्स हातात दिली तर बहुतेक वेळा पत्राची गरज लागत नाही. मी तर रजिस्टर सोबत घेऊनच जायचो.